‘आता बरं आहे ना?’

ऑफिसच्या लिफ्टचं दार बंद होता होता शेजारचा सहकारी विचारतो, "आता बरं आहे ना?" मी म्हणतो, "हो, एकदम." चौथा मजला येतो, तो हसून बाहेर पडतो. गेल्या अडीच वर्षांत हे बोलणं किती जणांशी झालं याचा हिशेब नाही.

मला त्या प्रश्नातल्या शेवटच्या ‘ना’बद्दल लिहायचं आहे. ‘कसा आहेस?’ असं कुणी विचारलं तर दहा उत्तरं देता येतात. ‘बरं आहे ना?’ला एकच उत्तर असतं, आणि ते विचारणाऱ्याने आधीच आपल्या हातात ठेवलेलं असतं. आपण फक्त मान डोलवायची. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला पक्कं माहीत आहे, कारण आजारी पडण्यापूर्वी मीही असंच विचारायचो. एका मित्राच्या बायकोची किमो चालू होती तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "वहिनी आता बऱ्या आहेत ना?" तो क्षणभर थांबला आणि मग "हो" म्हणाला. तो का थांबला होता, हे मला फार उशिरा कळलं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पुलांचे आराखडे तपासणं हे माझं काम. वय एकोणपन्नास. मला गुदाशयाचा कॅन्सर झाला. आठ महिने शौचातून रक्त जात होतं आणि मूळव्याध असेल अशी मी स्वतःची समजूत घातली होती. घरात कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काही कारण नाही. ज्या जागेचं नाव घ्यायला संकोच वाटतो तिथला आजार उशिराच कळतो, आणि माझंही तसंच झालं. कोलोनोस्कोपी झाली, बायॉप्सी झाली. आधी २८ दिवसांचं रेडिएशन आणि सोबत गोळ्या, मग ऑपरेशन, मग किमोच्या सहा फेऱ्या. गाठ अगदी खाली होती, त्यामुळे गुदद्वारासकट तो भाग काढावा लागला. तेव्हापासून माझ्या पोटावर डाव्या बाजूला स्टोमा आहे, म्हणजे आतड्याचं बाहेर काढलेलं तोंड, आणि त्यावर पिशवी. ती आता कायमची.

उपचारांविषयी एवढंच पुरे. ते सांगणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्यावरचे उपचार चांगले झाले.

बातमी बाहेर गेल्यावर पहिल्यांदा काय बदललं असेल तर लोकांचा आवाज. तो खाली आला. ‘कॅन्सर’ हा शब्द फोनवर कुणीच उच्चारेना. ‘ते’, ‘हे सगळं’, ‘तुझं ते प्रकरण’ असं चालायचं. दोन आठवडे फोन सारखा वाजत होता, मग कमी झाला. कॉलेजपासूनचा माझा एक मित्र ऑपरेशननंतर एकदाही आला नाही. वर्षभराने भेटला तेव्हा म्हणाला, "काय बोलायचं ते सुचत नव्हतं रे." मला त्याचा राग आला नाही, रडू आलं. मी रोज त्याची वाट पाहिली होती. तो येऊन नुसता बसला असता तरी चाललं असतं.

मग आले कारण शोधणारे. "तुला तर कसलंच व्यसन नाही, मग कसं काय?" माझ्या आजाराला काही कारण सापडलं की ते कारण स्वतःकडे नाही, एवढी खात्री करून त्यांना घरी जायचं असतं. भीतीच असते ती, मला कळतं. पण एका नातेवाइकाने शांतपणे सांगितलं, "तू सगळं मनाला लावून घेतोस, त्यातून होतं हे." ते वाक्य माझ्या डोक्यात कित्येक आठवडे राहिलं. रात्री जागा असताना मी आयुष्यातली एकेक गोष्ट काढून बघायचो. वडिलांशी अबोला धरला होता तो, एका कामात वर्षभर झालेली धुसफूस, न बोलून गिळलेले अपमान. त्यातल्या कशाची ही गाठ झाली असेल, असं शोधत राहायचो. शेवटी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, "स्वभावाने आतड्यात गाठ होत नाही. हे ओझं घेऊ नका."

त्याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘पॉझिटिव्ह राहा’. ‘तू फायटर आहेस, तू जिंकणार.’ मायेने बोललेली ही वाक्यं मला फार जड गेली. बरं होणं माझ्या मनाच्या ताकदीवर असेल, तर मग ज्या रात्री मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो त्या रात्री मी स्वतःचं नुकसान केलं का? मला खरोखर तसं वाटायचं. रडून झालं की भीती वाटायची, की आता या रडण्यामुळे गाठ परत येईल.

सगळं आकड्यांत तपासायची माझी सवय. मी संशोधन वाचायला लागलो. २००७ साली जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचारांच्या सुरुवातीला कोणाची मनःस्थिती कशी होती आणि नंतर कोण किती जगलं, याचा काही संबंध लागतो का, ते पाहिलं होतं. लागला नाही. आनंदी माणसं जास्त जगली नाहीत, खचलेली लवकर गेली नाहीत. हे वाचून पुष्कळ जणांना वाईट वाटेल. मी मात्र त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोपलो. माझ्या रडण्यात आजार वाढवायची ताकद नव्हती. मला घाबरायची मोकळीक होती.

मग मन मोकळं करायचं तरी कशासाठी, असं कुणी विचारेल. तेही मी शोधलं. १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांनी शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास मांडला होता. गटात बसून बोलणाऱ्या स्त्रिया जास्त काळ जगल्या, असं त्यात दिसलं आणि त्याची फार चर्चा झाली. २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हा आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पण गटातल्या स्त्रियांचं मन हलकं झालं होतं आणि त्यांना वेदना कमी जाणवत होत्या. माझ्यापुरतं हे पुरेसं आहे. बोलल्याने वर्षं वाढत नसतील. आजचा दिवस सुसह्य होत असेल तर मला बोलायचं आहे.

बोलायचं कोणाशी, हा खरा प्रश्न होता, कारण घरात आम्ही सगळे एकमेकांना सांभाळत होतो.

आई एकोणऐंशी वर्षांची, दादाकडे असते. तिला सांगायचं नाही असं दादाने ठरवलं आणि मी मान्य केलं. ‘आतड्याचं छोटंसं ऑपरेशन’ एवढंच तिला माहीत होतं. डॉक्टरही एके काळी हेच करायचे. अमेरिकेत १९६१ साली एका पाहणीत दहापैकी नऊ डॉक्टर म्हणाले होते की कॅन्सर असल्याचं रुग्णाला सांगणं ते टाळतात. १९७९ साली तेच प्रश्न पुन्हा विचारले तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत डॉक्टर बदलले. घरं इतक्या लवकर बदलत नसावीत, निदान आमचं तरी नव्हतं बदललं.

आई मला भेटायला आली तेव्हा आम्ही तिच्यासमोर खूप गप्पा मारल्या, जुन्या आठवणी काढल्या, हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही सगळे माझ्यासमोर इतकं मोठ्याने हसता की मला भीती वाटते." मी तिला सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्दही उच्चारला. तिने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "दुखतं का?" त्या प्रश्नात ‘ना’ नव्हता. मी म्हणालो, "हो आई, दुखतं." चार महिन्यांत हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी म्हटलं होतं.

पिशवीबद्दल लिहायला मी खूप टाळाटाळ केली, पण ती वगळून हे लिहिण्यात अर्थ नाही. स्टोमा ओठाच्या आतल्या बाजूसारखा लालभडक, ओलसर असतो. त्याला हात लावला तर दुखत नाही, कारण तिथे वेदना कळवणाऱ्या नसा नसतात. आणि त्याला आवरून धरणारा स्नायूही नसतो, त्यामुळे वारा सरला की आवाज होतो, आणि तो केव्हा होईल हे माझ्या हातात नसतं. मीटिंगमध्ये, कुणाच्या अंत्यदर्शनाला, एखाद्या शांत खोलीत, कुठेही होतो. सुरुवातीला मी पोटावर हात दाबून बसायचो. कुठेही गेलो की आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघायचो, मग बसायची जागा निवडायची, दाराजवळची. आमंत्रणं नाकारायला लागलो. लोकांना वाटलं, अशक्तपणा असेल. अशक्तपणा होताच, पण मी घरी बसलो तो आवाजाच्या भीतीने.

किमोमधल्या एका औषधाने गार वस्तूला हात लागला की बोटांत विजेचा झटका बसायचा. गार पाणी घशात टोचायचं. फ्रिज उघडायला हातमोजे घालायचो. हे सगळं लोकांना सांगता येतं, सांगितलं की ते चकित होऊन ऐकतात. पिशवीचं सांगता येत नाही. आजारातही सांगण्यासारखं आणि न सांगण्यासारखं अशी वाटणी असते, आणि माणूस एकटा पडतो तो न सांगण्यासारख्या भागात.

बायकोशीही माझं असंच झालं. पिशवी गळेल या भीतीने मी कित्येक महिने पलंगाच्या अगदी काठावर, तिच्याकडे पाठ करून झोपलो. ऑपरेशन आणि रेडिएशनमुळे ओटीपोटातल्या नसांना इजा होते आणि पुरुषाच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. संमतीच्या कागदावर ते लिहिलेलं होतं, मी सहीही केली होती. पण सही करताना जगायचं एवढंच डोक्यात असतं. नंतर त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. एका रात्री बायको अंधारात म्हणाली, "मला वाटलं, तुला मी जवळ नकोय." मी तिला ओझं होऊ नये म्हणून दूर सरकत होतो, आणि तिला ते नाकारल्यासारखं वाटत होतं. पहाटेपर्यंत बोललो. शरीर पूर्वीसारखं झालेलं नाही. पण आता मी पलंगाच्या मध्यावर झोपतो.

कामावर परतल्यावर साहेबांनी माझ्याकडचे मोठे प्रकल्प काढून घेतले होते. "तुला दगदग नको," म्हणाले. साइटवर जाणं बंद. ते माझ्या काळजीपोटीच होतं, यात शंका नाही. पण मला विचारलं नव्हतं. ज्या पुलाचा पाया मी तपासला होता त्याच्या बैठकीला मला बोलावलं गेलं नाही, त्या दिवशी मी आजारी असल्याचं मला सर्वांत जास्त जाणवलं. किमोच्या दिवसांतही तेवढं जाणवलं नव्हतं. दोन आठवड्यांनी मी जाऊन सांगितलं की मला काय झेपतं ते मीच सांगेन. त्यांनी ऐकलं. त्याआधीचे दोन आठवडे मात्र वाईट गेले.

आणि मग उपचार संपले. सगळ्यांना आनंद झाला. मला का होत नव्हता, हे कळेना. तोवर दर तीन आठवड्यांनी कुणीतरी माझं रक्त तपासत होतं, वजन करत होतं, काय होतंय ते विचारत होतं. एका दुपारी ते थांबलं. "आता तीन महिन्यांनी या." फाटकातून बाहेर आलो आणि पायांतलं बळ गेल्यासारखं झालं. फिट्झह्यू मलन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांना स्वतःला तरुणपणी कॅन्सर झाला होता. त्यांनी १९८५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढण्याची तंत्रं आपण शोधली, पण बाहेर काढल्यावर त्याला धक्क्यावर खोकत, धापा टाकत तसंच सोडून देतो. हे वाचलं तेव्हा, आपल्याला झालं ते कुणाला तरी चाळीस वर्षांपूर्वीच माहीत होतं, याचा मला मोठा आधार वाटला.

तेव्हापासून माझं वर्ष तीन-तीन महिन्यांचं झालं. सीईए नावाची रक्ततपासणी असते, आतड्याच्या कॅन्सरनंतर लक्ष ठेवायला करतात. आमच्या लॅबच्या कागदावर ५च्या खाली आकडा ठीक मानतात. माझा एकदा २.१ आला, पुढच्या वेळी २.६. डॉक्टर म्हणाले, एवढा फरक इकडेतिकडे होतोच. मी घरी येऊन आलेख काढला. दोन बिंदूंचा आलेख. रेषा वर जात होती. तो आठवडा मी घरात कुणाशी धड बोललो नाही. तपासणीच्या आधीचे दहा दिवस असेच जातात. पाठ दुखली तरी तेच, खोकला आला तरी तेच. जुन्या तुळईला तडा दिसला की आम्ही त्यावर काचेची पट्टी चिकटवतो. तडा वाढला तर काच फुटते. माझ्या अंगावर अशी पट्टी आहे आणि मी रात्री उठून ती बघतो.

आमच्या स्टोमा नर्सने एका फॉलो-अपला मला एक कागद दिला. त्यावर थर्मामीटरचं चित्र होतं, खाली ०, वर १०. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास होता त्यावर खूण करायची. शेजारी यादी होती, झोप, भीती, पैसा, मुलं, जोडीदार, श्रद्धा, त्यातलं जे सतावतं त्यावरही खूण. मी २ वर खूण केली. तिने कागद पाहिला, परत माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "हा आकडा मला बरं वाटावं म्हणून लिहिलात का? मी थांबते, घाई नाही." मी ७ लिहिले आणि माझे हात थरथरले.

चार किंवा त्याहून जास्त आकडा आला की पुढे नीट बोलायचं, असा संकेत आहे. मागच्या शतकाच्या अखेरीस हे थर्मामीटर तयार करणाऱ्यांत जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९७७ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात त्यांनी कॅन्सरच्या रुग्णांसाठी मानसोपचाराचा विभाग उभा केला. नैराश्य, मनोविकार असे शब्द कागदावर पाहिले की माणूस दचकतो, म्हणून त्या गटाने मुद्दाम साधा शब्द निवडला, त्रास. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ‘तुम्हाला डिप्रेशन आहे का?’ असं विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

मग मानसशास्त्रज्ञ बाईंकडे सात वेळा गेलो. त्यांनी भीती घालवली नाही, तसं वचनही दिलं नाही. कोणतं लक्षण दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा आणि कोणतं दोन आठवडे बघायचं, याची यादी डॉक्टरांकडून लिहून आणायला लावली. ती कपाटाच्या दाराला आतून लावली आहे. पाठ दुखली की मी तिथे जाऊन वाचतो. भीती राहते, पण तिला काय करायचं ते ठाऊक असतं.

घरी मी तो थर्मामीटरचा प्रकार बायकोला सांगितला. तेव्हापासून ती ‘बरं आहे ना’ विचारत नाही, ‘आज किती?’ विचारते. मी आकडा सांगतो. कधी ३, कधी ६. पुढे बोलायलाच हवं असं नाही.

आता लेकीबद्दल. ती सतरा वर्षांची आहे. घरी कुणी आलेलं असताना माझ्या पिशवीचा आवाज झाला की टीव्हीचा आवाज वाढवायचं काम ती करायची. पाहुणे आले की रिमोट तिच्या हातात. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, आमच्यात त्यावर एक शब्द झालेला नव्हता. अडीच वर्षं ती दिवाणखान्यात बसून माझ्या पोटाकडे कान लावून होती. मला वाटायचं, पोर धीट आहे, तिने सगळं छान पचवलं. लोकांनी तिला काय विचारलं असेल? ‘बाबा आता बरे आहेत ना?’ आणि ती ‘हो’ म्हणाली असेल.

परवा रात्री, दुसऱ्या दिवशी रक्त द्यायला जायचं होतं. बायकोने विचारलं, "आज किती?" मी म्हणालो, "सात." लेक टेबलाशी अभ्यास करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "माझे आठ."

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. हा प्रश्न तिला आम्ही कधी विचारलाच नव्हता. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसलो. ती म्हणाली, "तुमच्या तपासणीच्या आधी मला झोप येत नाही. मी तुमचं दार उघडून बघते, श्वास चालू आहे का." मी विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "पहिल्यापासून."

मग ती खूप वेळ बोलली. मध्ये एकदा पिशवीचा आवाज झाला. तिचा हात सवयीने रिमोटकडे गेला. मी म्हणालो, "राहू दे." तिने हात मागे घेतला आणि पुढे बोलत राहिली.